शाकारणीचा खर्च कुठल्या कॉलमात टाकायचा?

डिसेंबर संपत आला की ती मेल येते. सोबत एक एक्सेल फाइल आणि खाली एकच ओळ : 'गेल्या वर्षीचे आकडे घ्या, दहा टक्के वाढवा, शुक्रवारपर्यंत पाठवा.' सहाशे माणसांच्या कंपनीचं आयटीचं वर्ष कसं जाणार, हे ठरवायला एवढी सूचना पुरते.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग झाल्यावर दोन वर्षं एका सर्व्हिस कंपनीत परदेशी क्लायंटचे बग सोडवले, मग चाकणजवळच्या एका कारखान्याच्या आयटी विभागात आलो. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. इथे कोड लिहिण्याइतकाच वेळ एक्सेल भरण्यात जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता चार बजेटं भरून झाली आहेत. तेवढ्या अनुभवावर एक विधान करतो, पटलं नाही तर भांडा : आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांत आयटी बजेटच्या नावाखाली देखभालीचा खर्च कागदावरून पुसला जातो आणि माणसांच्या अंगावर टाकला जातो. कागदावर तो बचत म्हणून दिसतो. प्रत्यक्षात तो रात्री दोन वाजता वाजणाऱ्या फोनमधून वसूल होतो, आणि तो फोन उचलणारी माणसं बहुतेक तुमच्या-माझ्या वयाची असतात.

माझं आजोळ राजापूर तालुक्यात आहे. दर मे महिन्यात आजोबा घर शाकारून घ्यायचे. फुटलेली कौलं बदलायची, कुजलेल्या रिपा काढून नव्या ठोकायच्या, पन्हळी साफ करायच्या. 'गेल्या पावसात कुठे गळलं नाही, मग यंदा कशाला हा खर्च?' असं घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. शाकारलं म्हणूनच गळलं नव्हतं, हे चौथीत गेलेल्या पोरालाही कळायचं. माझ्या कंपनीतल्या चार्टर्ड अकाउंटंट मंडळींना मात्र ते दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं.

एक्सेल कशी भरली जाते

ज्यांनी ही फाइल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरच्या ओळी लायसन्सच्या असतात. त्यांना हात लावता येत नाही. मोठ्या ईआरपी कंपन्या मूळ लायसन्सच्या किमतीच्या साधारण २२ टक्के दरवर्षी सपोर्टपोटी घेतात. विकत घेतलेली वस्तू सांभाळायला दरवर्षी पंचमांशाहून जास्त किंमत, हे ऐकून आपल्या साहेबांच्या भुवया उंचावत नाहीत. कारण न भरून सांगता कोणाला? पुढची ओळ क्लाउडची. किंमत डॉलरवर ठरते, त्यामुळे रुपया घसरला की आपण काहीही न करता खर्च वाढतो. मग विक्रेत्याची लहर असतेच. ब्रॉडकॉमने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणंच बंद केलं. घ्यायचं तर भाड्याने घ्या. जगभरातल्या आयटी विभागांची त्या वर्षीची बजेटं एका घोषणेत रद्दी झाली.

त्याखाली येतात 'प्रोजेक्ट्स'. नवं मोबाइल ॲप, नवा डॅशबोर्ड, आणि गेल्या दोन वर्षांपासून प्रत्येक शीटमध्ये एआयची एक ओळ. या ओळी वरून येतात. एमडी कुठल्यातरी परिषदेला जाऊन येतात, तिथे कुणीतरी स्लाइड दाखवलेली असते, आणि सोमवारी आमच्या शीटमध्ये चाळीस लाखांची एक ओळ उगवते. तिचा उपयोग काय, हे नंतर शोधायचं असतं.

आता बेरीज होते. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाते. सीएफओ म्हणतात, बारा टक्के कमी करा. लायसन्स कमी होत नाही, क्लाउड कमी होत नाही, एमडींचा प्रोजेक्ट कमी करण्याची कुणाची छाती नाही. मग उरतं काय? बॅकअपची जागा. जुन्या सर्व्हरचा एएमसी. पॅचिंगसाठी लागणारे माणसांचे तास. टेस्टिंगचं वेगळं सर्व्हर. ट्रेनिंग. सगळी कात्री तिथेच चालते, कारण या ओळींच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कुणीच नसतं. विक्रेता ओरडतो, एमडी ओरडतात. जुना सर्व्हर ओरडत नाही. तो नारिंगी दिवा दाखवतो, आणि तो दिवा पाहायला मीटिंगमधलं कुणी सर्व्हर रूममध्ये जात नाही.

यातली गंमत बघा. दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर सांभाळायला आपण वर्षाला २२ टक्के निमूट देतो. आपल्याच माणसांनी बनवलेलं सॉफ्टवेअर सांभाळायला मात्र शून्य रुपये ठेवतो. 'ते तर झालंय ना बनवून?' म्हणतो. लग्न झालं, आता संसाराला वेगळा खर्च कशाला, अशातला हा प्रकार.

ओळ क्रमांक ३४

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

तिसऱ्या बजेटच्या वेळी शीट माझ्याकडे होती. ओळ ३४ : डिस्पॅचच्या सर्व्हरला जोडलेल्या स्टोरेज बॉक्सचा एएमसी, तीन लाख ऐंशी हजार. ओळ ३५ : बॅकअपची जागा वाढवणे, दोन लाख चाळीस हजार. बॉक्स नऊ वर्षांचा होता. बारा टक्के कमी करायचे होते, संध्याकाळचे सात वाजले होते, आणि साडेसातची कंपनीची बस सुटली तर पुढे शेअर रिक्षा. सर म्हणाले, 'चौतीस-पस्तीस काढ, पुढच्या वर्षी बघू. इतकी वर्षं काही झालं नाही.' मी दोन्ही ओळी निवडल्या आणि डिलीट दाबलं. बेरीज जुळली. बस मिळाली.

सर्व्हर रूम सांभाळायला आमच्याकडे एक सिस्टीम ॲडमिन होते. चाळिशीतले, सगळे त्यांना दादा म्हणायचे. ते कंपनीच्या पगारावर नव्हते, एका ठेकेदारामार्फत होते. शीटमध्ये त्यांची ओळ 'इतर सेवा' या सदरात होती, हाउसकीपिंगच्या बरोबर वर. ऑगस्टमध्ये त्यांनी मेल टाकली : बॉक्समधली एक डिस्क गेली आहे, बदलायला हवी. एएमसी नाही, म्हणजे नवी खरेदी. खरेदी म्हणजे तीन कोटेशन. कोटेशन येईपर्यंत पितृपक्ष आला. दादांनी आठवणीची मेल टाकली, मग आणखी एक.

सप्टेंबरअखेरीच्या एका रात्री दुसरी डिस्क गेली. त्या रचनेत एक डिस्क गेली तरी काम चालतं, दुसरी गेली की संपलं. दसऱ्याआधीची गर्दी, तिमाहीची अखेर, यार्डात ट्रक भरून उभे. आणि गेटमधून ट्रक बाहेर काढायचा तर ई-इन्व्हॉइस हवं, त्यावर आयआरएन आणि क्यूआर कोड हवा, ई-वे बिल हवं. २०२३च्या ऑगस्टपासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या प्रत्येकाला हे बंधनकारक आहे. आमचं हे सगळं त्या सर्व्हरवरून व्हायचं. बॅकअप? जागा भरल्यामुळे एकोणीस दिवस बॅकअपच झाला नव्हता. ओळ ३५.

पुढचे एकेचाळीस तास मी आणि दादा कारखान्यातच होतो. अकाउंट्सच्या दोन मुली सरकारी पोर्टलवर हाताने एकेक बिल बनवत होत्या. ट्रक ड्रायव्हर यार्डात गाडीखाली सतरंजी टाकून झोपले होते. त्यांचा खोळंब्याचा भत्ता कुणाच्या बजेटमध्ये होता कोण जाणे. दादांच्या मुलीचा त्या शनिवारी वाढदिवस होता. त्यांनी व्हिडिओ कॉलवर केक कापताना पाहिला, तोही दोन मिनिटं, कारण डेटा रिकव्हरीवाल्याचा फोन मधेच आला. त्या रिकव्हरीचं बिल ओळ ३४ आणि ३५ मिळून होतात त्याच्या दुपटीहून जास्त आलं. ते एका दिवसात मंजूर झालं. तीन कोटेशनही लागली नाहीत.

मग मूळ कारण शोधण्याची मीटिंग झाली. अहवालात लिहिलं गेलं : 'बॅकअप फेल होत असल्याकडे दुर्लक्ष. मानवी चूक.' मानव म्हणजे दादा. ठेकेदाराला कळवण्यात आलं आणि दिवाळीच्या आधी दादांचं काम सुटलं. मी त्या मीटिंगमध्ये होतो. दादांच्या तीन मेल माझ्या इनबॉक्समध्ये होत्या. डिलीटचं बटण कुणी दाबलं ते मला माहीत होतं, कुणी दाबायला सांगितलं तेही माहीत होतं. मी बोललो नाही. अप्रेझल जवळ आलं होतं.

हे फक्त चाकणला होत नाही

आमचा कारखाना छोटा आहे म्हणून असं झालं असेल, असं वाटत असेल तर मोठ्यांकडे बघू.

२०१७च्या मार्चमध्ये अपाचे स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकाचा पॅच फुकट उपलब्ध झाला. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीने तो एका पोर्टलवर लावलाच नाही. मे ते जुलैच्या दरम्यान तिथून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. २०१९मध्ये झालेली तडजोड किमान ५७.५ कोटी डॉलरची होती. पॅच फुकट होता. नव्हती ती सगळीकडे तो लागला की नाही हे तपासणारी व्यवस्था.

त्याच वर्षीच्या मेमध्ये वॉनाक्राय आला. त्यालाही अडवणारा पॅच दोन महिने आधीच निघालेला होता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. रद्द झालेली अपॉइंटमेंट म्हणजे कुणाचं तरी पुढे ढकललेलं ऑपरेशन, हे एक्सेलमध्ये दिसत नाही. आपल्याकडे २०२२च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयात कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत सगळं हाताने चाललं.

आणि २०२२च्या डिसेंबरमधली साउथवेस्ट एअरलाइन्स. नाताळात बर्फाचं वादळ आलं. इतर विमान कंपन्या दोन-चार दिवसांत सावरल्या. साउथवेस्टची कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणारी जुनी यंत्रणा मात्र कोलमडली. कुठला पायलट कुठल्या शहरात आहे हे कंपनीला कळेना. पायलट स्वतः फोन करून 'मी इथे आहे' सांगायला तासन् तास होल्डवर. १६ हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली. ही यंत्रणा बदला, असं कर्मचारी संघटना आधीपासून सांगत होत्या. म्हणजे त्यांचेही दादा होते, त्यांच्याही मेल पडून होत्या.

नव्याला पैसे, जुन्याला हार

हे मूर्खपणामुळे होतं असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीचे फायनान्सवाले माझ्यापेक्षा हुशार आहेत. हिशेबाची रीतच अशी आहे की नवं घेणं शहाणपणाचं दिसतं आणि जुनं सांभाळणं उधळपट्टीचं.

नवा सर्व्हर घेतला की तो भांडवली खर्च. ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतो, आणि त्याचा बोजा काही वर्षांत वाटून दाखवता येतो. जुन्या सर्व्हरची देखभाल हा चालू खर्च. सगळाच्या सगळा याच वर्षीच्या नफ्यातून वजा. ज्या साहेबांचा बोनस याच वर्षीच्या नफ्यावर अवलंबून आहे ते काय कापतील, याचं उत्तर द्यायला एमबीए लागत नाही.

घसाऱ्याचंही तसंच. २०१३च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व्हरचं उपयुक्त आयुष्य सहा वर्षं आणि लॅपटॉपचं तीन वर्षं धरलं आहे. दरवर्षी ताळेबंदात त्यांची किंमत उतरत जाते. म्हणजे वस्तू झिजते आहे हे कंपनीला अधिकृतपणे, ऑडिटरच्या सहीनिशी माहीत असतं. पण घसारा ही नोंद आहे, बाजूला ठेवलेले पैसे नव्हेत. सहा वर्षांनी सर्व्हर पुस्तकात जवळपास संपतो, सर्व्हर रूममध्ये मात्र त्याची नववी दिवाळी साजरी होते. आम्ही खंडेनवमीला त्याला हार घालतो, कुंकू लावतो. भक्ती भरपूर, डिस्क नाही.

मग 'अचानक' खर्च येतात. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, हे मायक्रोसॉफ्टने कित्येक वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. तरी त्या वर्षी किती विभागांनी 'अनपेक्षित खर्च' म्हणून जादा पैसे मागितले असतील, विचार करा. ज्यांनी मशीन बदलली नाहीत त्यांना मुदतवाढीचे सुरक्षा अपडेट विकत घ्यावे लागतात : कंपन्यांसाठी पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तारीख ठाऊक, किंमत ठाऊक, तरी तहान लागल्यावर विहीर खणायची.

आता तुमच्या सोसायटीकडे बघा. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून हाणामारीची वेळ येते, कुत्र्यांवरून येते, पण मेंटेनन्सच्या बिलात सिंकिंग फंडाची ओळ असते. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती-देखभाल निधीत जायला हवेत. 'या वर्षी लिफ्ट पडली नाही, तर फंड कशाला?' असं म्हणणाऱ्या सभासदाला बाकीचे खाली बसवतात. निवृत्त बँक कर्मचारी आणि शाळेच्या बाई मिळून जी गोष्ट चालवतात, ती शेकडो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला जमू नये?

दुसऱ्या बाजूचंही ऐकू

सीएफओंची बाजू मी खूपदा ऐकली आहे आणि ती सगळीच खोटी नाही.

ते म्हणतात, आयटीवाले दरवर्षी 'लांडगा आला रे' करतात. खरं आहे. कात्री लागणार म्हणून आम्ही आधीच आकडा फुगवतो, फुगवलेला असणार म्हणून ते कात्री लावतात, आणि या खेळात खरा आकडा काय हे दोन्हीकडे कुणालाच उरत नाही. ते म्हणतात, तुम्हीच पैसे वाया घालवता. हेही खरं आहे. मी एकदा बसून मोजलं, तर नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या नावावर साठेक लायसन्सचं भाडं आम्ही भरत होतो. टेस्टिंगची क्लाउड मशीन शनिवार-रविवारीही चालू असायची, कारण बंद करायची आठवण कुणाला राहत नव्हती. आड्यात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आम्ही म्हणतो, पण आमच्याच आडाला गळती आहे.

आणि त्यांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा : 'काही झालं नाही' याचं श्रेय देखभालीला द्यायचं की नशिबाला, हे सिद्ध कसं करणार? वायटूकेचं हेच झालं. जगभर प्रचंड पैसा खर्च करून तारखांचा कोड दुरुस्त केला, आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांची अमेरिकावारी त्यातून झाली, आणि १ जानेवारी २००० उजाडून फार काही बिघडलं नाही तेव्हा लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. चांगल्या शाकारणीचा पुरावा कोरडी जमीन असते, आणि कोरड्या जमिनीकडे कुणी बघत नाही.

हे सगळं मान्य. पण यातून निघतं काय? आकडे फुगवलेले आहेत तर ते तपासा. गळती आहे तर ती बुजवा. त्या साठ लायसन्सच्या पैशात आमच्या ओळ ३५चा बराचसा खर्च निघाला असता. फळी मोडकी आहे का हे न बघता 'सगळ्याच फळ्यांची जाडी बारा टक्के कमी करा' म्हणणारा सुतार तुम्ही घरात घ्याल का?

मला खरा राग आहे तो एका वेगळ्या शब्दावर. 'रिस्क ॲक्सेप्टेड.' ओळ कापली की शेजारच्या रकान्यात हे दोन शब्द लिहायचे असतात. धोका स्वीकारला. कुणी? कापणाऱ्याने. आणि भोगला कुणी? दादांनी. अकाउंट्सच्या मुलींनी. यार्डातल्या ड्रायव्हरांनी. ज्याने धोका स्वीकारला तो त्या रात्री लोणावळ्याला होता. दुसऱ्याच्या अंगावर पडणारी गोष्ट स्वीकारण्याला धाडस म्हणत नाहीत.

कंपनीबाहेरचे लोकही यात आहेत. आपल्या सर्व्हरवर कामगारांचे आधार क्रमांक आहेत, बँक खाती आहेत, वैद्यकीय तपासण्यांचे रिपोर्ट आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ते लॉग ठेवायला जागा लागते. कुठली ओळ कापली होती आपण? तीच, बॅकअपच्या शेजारची.

मग करायचं काय

मी फार मोठं काही मागत नाही.

पहिलं, सिंकिंग फंड. कंपनीत चालू असलेल्या प्रत्येक यंत्रणेच्या किमतीचा एक ठरलेला हिस्सा देखभालीसाठी आधी बाजूला काढायचा आणि मग उरलेल्यात नवे प्रोजेक्ट बसवायचे. किती टक्के, ते तुमच्या कंपनीत बसून ठरवा. पण नियम एकच : एमडी परिषदेहून काहीही ऐकून आले तरी या पैशाला हात लावायचा नाही. आणि नवा प्रोजेक्ट मंजूर करताना पुढच्या पाच वर्षांचा त्याचा सांभाळखर्च त्याच पानावर लिहायचा. चाळीस लाखांच्या एआयच्या ओळीशेजारी पाच वर्षांचा आकडा आला, की निम्मी हौस तिथेच फिटेल.

दुसरं, न केलेल्या कामांची यादी. बजेट मंजूर झालं की काय करणार याची यादी निघते. काय करणार नाही याचीही निघाली पाहिजे. कुठली ओळ कापली, त्यामुळे काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती तास काम बंद राहील, आणि कापण्याचा निर्णय कुणाचा. खाली सही. धोका स्वीकारलाच आहे, तर नाव लिहायला लाज कसली?

तिसरं, आपले तास. आपल्या पिढीने एक वाईट सवय लावून घेतली आहे. रात्रभर जागून सिस्टीम उभी करायची, सकाळी ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी घ्यायचे आणि स्वतःला हीरो समजायचं. त्या रात्रीचा खर्च कुठेच नोंदला जात नाही, म्हणून पुढच्या वर्षी शीटमध्ये लिहिलं जातं, 'इतकी वर्षं काही झालं नाही.' झालं होतं. तुम्ही ते झोप विकून झाकलं होतं. म्हणून प्रत्येक रात्रीचा, प्रत्येक रविवारचा तास टिकिटात लिहा. ओव्हरटाइम मिळो न मिळो, लिहा. जानेवारीत शीट येईल तेव्हा ती बेरीज त्या कापलेल्या ओळीच्या शेजारी ठेवा. फायनान्सवाल्यांना आकड्यांची भाषा कळते, तर त्यांच्याशी आकड्यांत बोलू.

आणि एक छोटी गोष्ट, तिला पैसेही लागत नाहीत. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून खरंच डेटा परत आणून बघा. बॅकअप 'घेतला जातो' आणि बॅकअप 'परत येतो' यांत एका माणसाच्या नोकरीचं अंतर असतं. मी ते पाहिलं आहे.

यंदाची शीट

या डिसेंबरमध्येही मेल आली. गेल्या वर्षीचे आकडे, दहा टक्के, शुक्रवार. मी शीट भरली आणि खाली एक नवं पान जोडलं : 'न केलेली कामं'. अकरा ओळी आहेत. शेवटचा कॉलम 'निर्णय कुणाचा'. मेल पाठवताना हात थोडा थांबला हे कबूल करतो. सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही. सीएफओंच्या ऑफिसमधून एकाने फोन करून विचारलं, 'हे पान कुणाच्या सांगण्यावरून टाकलंय?' मी म्हटलं, माझ्याच. पलीकडे जरा वेळ शांतता होती, मग त्याने विचारलं, 'यातल्या सातव्या ओळीचं जरा समजावून सांगतोस का?' मी वीस मिनिटं समजावलं. त्यातून काय निघेल, ते मार्चमध्ये कळेल.

त्याच संध्याकाळी दादांना फोन केला. दीड वर्षात पहिल्यांदा. ते आता एका हॉस्पिटलचे सर्व्हर बघतात, तेही ठेकेदारामार्फतच. म्हटलं, 'दादा, त्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. तुमच्या मेल माझ्याकडे होत्या.' ते म्हणाले, 'माहीत आहे रे. सीसीमध्ये मीच तर ठेवलं होतं तुला.'

पुढे काय बोलावं ते मला सुचेना. त्यांनीच मग विचारलं, 'आणि काय रे, त्या बॉक्सचं काय केलं शेवटी? नवीन घेतला, का अजून तोच चालवताय?'

तोच चालवतोय, दादा. ओळ क्रमांक सात.